अर्ध्या वर्षाचे नाणे

मध्ययुगीन जर्मन सरदारांची चांदीची नाणी हा विषय पाहून पुष्कळ वाचक हे पान उलटतील, याची मला कल्पना आहे. युरोपच्या इतिहासाचा जो भाग आपण परीक्षेसाठी वाचतो, त्यात सम्राट आणि पोप यांचा झगडा असतो, धर्मयुद्धे असतात, फार तर सरंजामशाहीची वैशिष्ट्ये असतात. बाजाराला निघालेल्या कोष्ट्याच्या मुठीत तेव्हा काय होते, हे त्यात नसते. माझ्या मते त्या मुठीत जे होते, त्यावरून त्या काळची राज्यव्यवस्था जितकी स्पष्ट कळते तितकी सनावळ्यांवरून कळत नाही.

त्या मुठीत होते ‘फेनिग’. आकाराने आपल्या जुन्या चांदीच्या रुपयाएवढे, कधी त्याहूनही मोठे. पण वजन पाहावे तर एक ग्रॅमच्याही आत. राणीच्या छापाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असे. म्हणजे एका रुपयाच्या चांदीत असे तेरा-चौदा फेनिग सहज पडले असते. इतक्या थोड्या चांदीचे इतके रुंद नाणे करायचे, तर ते कागदासारखे पातळच होणार. बाराव्या शतकात सॅक्सनी, थुरिंगिया, माइसेन या भागांत जी नाणी पडत ती अशी होती. ठसा एकाच बाजूने मारलेला असे. पुढून चित्र उठून दिसे आणि मागून तेच चित्र खोलगट दिसे. पुढे सतराव्या शतकातील पंडितांनी या नाण्यांना ‘ब्रॅक्टिएट’ असे भारदस्त नाव दिले. लॅटिनमध्ये ‘ब्राक्टेआ’ म्हणजे धातूचा पातळ पत्रा. ज्यांनी ती वापरली त्यांना हे नाव ठाऊक नव्हते. त्यांच्या लेखी तो नुसता फेनिग होता.

हे नाणे कसे पाडत असतील, हे समजायला फार दूर जायला नको. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद नाण्यावर ठेवून बोटाने घासण्याचा खेळ लहानपणी आपण सर्वांनी खेळलेला आहे. कागदावर राजाचे डोके किंवा अशोकस्तंभाचे सिंह उमटत आणि कागद उलटा केला की तेच खोलगट दिसत. तत्त्व तेच. चांदी ठोकून तिचा पातळ पत्रा करायचा, कातरीने त्याच्या गोल चकत्या कापायच्या आणि चामड्यासारख्या मऊ बैठकीवर ठेवून ठशावर हातोड्याचा घाव घालायचा. खाली कठीण ठसा नसल्यामुळे चांदी दबते, पण फाटत नाही. नेहमीच्या नाण्याला वर एक आणि खाली एक असे दोन ठसे लागतात. येथे एकावर भागे. वेळ वाचे, खर्च वाचे आणि चित्राला जागा भरपूर मिळे.

ही जागा त्या कारागिरांनी अशी काही सजवली आहे की छायाचित्रे पाहतानाही थक्क व्हायला होते. हाल्बरश्टाटच्या नाण्यांवर संत स्टीफनला दगडांनी मारले जात असल्याचा अख्खा प्रसंग आहे. मागडेबुर्गच्या नाण्यांवर संत मॉरिस शस्त्रे घेऊन उभा आहे. ब्रांडेनबुर्गचा मार्ग्राफ, म्हणजे सीमाप्रांताचा अधिपती, ‘अस्वल’ आल्ब्रेख्ट (मृत्यू ११७०) याच्या एका नाण्यावर तो आणि त्याची पत्नी सोफी शेजारी शेजारी उभे आहेत, असे मानले जाते. दोन-तीन बोटे रुंदीच्या पत्र्यावर बुरूज, कमानी, सिंहासने आणि वस्त्रांच्या चुण्या कोरलेल्या आहेत. अक्षरे मात्र पुष्कळदा चुकीची, आणि कित्येक नाण्यांवर मुळीच नाहीत. वाचणार कोण? बाजारातल्या माणसाला चित्र ओळखता आले म्हणजे झाले.

आता ही नाणी कोणाची, हे पाहू. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

शार्लमेनने इ. स. ७९३-७९४च्या सुमारास चलनाची जी घडी बसवली, तिच्यात एका पौंड चांदीचे २४० दिनार पडत. हा दिनार म्हणजेच जर्मनांचा फेनिग आणि इंग्रजांचा पेनी. बारा फेनिगांचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. पण शिलिंग आणि पौंड ही केवळ हिशेबाची नावे. हातात येणारे नाणे एकच, फेनिग. आपल्या आण्यातही पै बाराच असत, याची येथे आठवण होते. इंग्रजांनी ही मोजणी १९७१पर्यंत सांभाळली. नाणे पाडण्याचा हक्क राजाचा, एवढे तत्त्व मात्र शार्लमेनच्या काळी निर्विवाद होते.

हे तत्त्व पुढे राजांनीच वाटून टाकले. दहाव्या शतकात हार्त्स पर्वतात, गोस्लारजवळच्या रामेल्सबेर्ग या डोंगरात चांदी निघू लागली आणि तिच्यापासून पाडलेले ऑटो-आडेलहाइड फेनिग पार स्कँडिनेव्हिया, पोलंड आणि रशियापर्यंत पोचले. तेथे जमिनीत पुरलेले त्यांचे साठे आजही सापडतात. पण राजाला लढाईसाठी सैन्य हवे, निवडणुकीत पाठिंबा हवा, आल्प्स ओलांडून रोमला जायचे तर सोबत हवी. हे सारे देणाऱ्यांना तो काय देणार? जमीन, जकात, बाजार आणि टांकसाळ. आधी बिशपांना आणि मठांना, मग ड्यूक आणि मार्ग्राफ यांना हा हक्क मिळत गेला आणि काहींनी तो न विचारता घेतला. १२२० साली दुसऱ्या फ्रेडरिकने धर्मपीठाच्या अधिपतींना लेखी वचनच दिले की, त्यांच्या मुलखात त्यांच्या संमतीवाचून राजा नवी टांकसाळ घालणार नाही. दहा-बारा वर्षांत ऐहिक सरदारांनाही तशीच हमी मिळाली. राजाच राजाला आपल्या घरात मज्जाव करतो आहे, असा हा प्रकार.

परिणाम असा की, जर्मन मुलखात टांकसाळी शेकड्यांनी मोजाव्या लागल्या. आर्नश्टाइनचे सरदार आपल्या नाण्यावर गरुड घालीत, कारण गरुडाला त्यांच्या भाषेत ‘आर’ म्हणत. फाल्कनश्टाइनच्या सरदारांनी ससाणा घातला, कारण ‘फाल्के’ म्हणजे ससाणा. नावावरून चिन्ह, चिन्हावरून नाणे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही मालक कोण ते कळे.

टांकसाळ हातची जाऊ नये म्हणून, किंवा दुसऱ्याची आपल्या हाती यावी म्हणून, हे लोक काय करीत याचा एक मासला देतो. बव्हेरियात इझार नदीवर फेरिंग येथे फ्राइझिंगच्या बिशपचा पूल होता. मिठाच्या गाड्या त्या पुलावरून जात, तेथे जकात भरत, बाजार भरे, नाणी पडत. बव्हेरियाचा ड्यूक ‘सिंह’ हाइनरिख याने तो पूल उद्ध्वस्त केला आणि थोडे वरच्या अंगाला आपल्या मुलखात स्वतःचा पूल, बाजार आणि टांकसाळ उभी केली. तक्रार सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाकडे गेली. न्याय देणाऱ्याची अवस्था मोठी नाजूक होती. बिशप ऑटो हा त्याचा सावत्र काका, ड्यूक हाइनरिख हा त्याचा सख्खा मामेभाऊ. १४ जून ११५८ रोजी आउग्सबुर्ग येथे निवाडा झाला: बाजार आणि टांकसाळ नव्या जागी राहावी, उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बिशपला मिळावा. नव्या जागेचे नाव म्युन्शेन, म्हणजे आपण ज्याला म्युनिक म्हणतो ते शहर. आजही तो दिवस शहराचा वाढदिवस म्हणून साजरा होतो. एवढ्या मोठ्या नगरीच्या जन्मपत्रिकेत पूल पाडल्याचा योग आहे, हे मला तरी मोठे गमतीचे वाटते. याच हाइनरिखने ब्राउन्श्वाइगला ११६६च्या सुमारास ब्राँझचा सिंह उभारला आणि तेथील ब्रॅक्टिएटवरही सिंहच कोरवला.

नाणी पाडणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. हार्त्सच्या पायथ्याशी क्वेडलिनबुर्ग येथे राजघराण्याने ९३६ साली स्थापलेला स्त्रियांचा मठ होता. इ. स. ९९४ मध्ये चौदा वर्षांच्या तिसऱ्या ऑटो राजाने तेथील मठाध्यक्षा माटिल्डे हिला बाजार, जकात आणि टांकसाळ यांचे हक्क दिले. ही माटिल्डे त्याची आत्या. त्यानंतर शतकानुशतके तेथील मठाध्यक्षांच्या नावे फेनिग पडत राहिले. त्यांवर मठाध्यक्षा आसनावर बसलेली दिसते, हाती ग्रंथ किंवा लिलीचे फूल. चेहरा राज्य करणाऱ्या स्त्रीचा आहे, संसार सोडलेल्या जोगिणीचा नव्हे. ११८४ ते १२०३ या काळात तेथे आग्नेस नावाची मठाध्यक्षा होती. ती माइसेनच्या मार्ग्राफ घराण्यातली. तिचा भाऊ ऑटो याच्या मुलखात, पुढे ज्याला फ्राइबेर्ग म्हणू लागले त्या ठिकाणी, ११६८च्या सुमारास चांदीची मोठी खाण लागली आणि इतिहासात तो ‘श्रीमंत ऑटो’ म्हणून ओळखला जाऊ लागला. आपल्याकडे पेशव्यांना ‘श्रीमंत’ म्हणत ते मानाने; या ऑटोला म्हणतात ते अक्षरशः. स्वित्झर्लंडातही झ्यूरिखच्या फ्राउमुन्स्टर मठाची टांकसाळ मठाध्यक्षेच्याच हाती होती. मध्ययुगीन स्त्रीला कोणतीच सत्ता नव्हती, असे सरसकट विधान आपण उत्तरपत्रिकेत बिनदिक्कत ठोकून देतो, म्हणून हे जरा विस्ताराने लिहिले.

येथवर सारे रम्य आहे. आता या रम्य नाण्याच्या दुसऱ्या बाजूकडे वळतो. या नाण्याला दुसरी बाजू नसली तरी!

टांकसाळीच्या मालकाला उत्पन्न मिळणार कसे? चांदीत तांबे मिसळावे तर व्यापारी ओळखतात. वजन कमी करावे तर त्यालाही मर्यादा आहे. तेव्हा युक्ती निघाली ती अशी. ठरलेल्या दिवशी दवंडी पिटायची की, जुने फेनिग रद्द झाले, यापुढे बाजारात नवे फेनिगच चालतील. जुनी नाणी घेऊन लोकांनी मालकाच्या सराफाकडे जायचे. मागडेबुर्गला दर असा होता: जुनी बारा द्या, नवी नऊ घ्या. आर्चबिशप विखमान (कारकीर्द ११५२ ते ११९२) याच्या काळापासून तेथे ही अदलाबदल वर्षातून दोनदा होऊ लागली.

हिशेब करून पाहू. कोणा चांभाराने जोडे विकून १४४ फेनिग गाठीला बांधले. पहिल्या बदलीत त्याचे १०८ झाले. सहा महिन्यांनी दुसरी बदली आली, ८१ उरले. चोर आला नाही, आग लागली नाही, त्याने एक फेनिगही खर्च केला नाही, आणि वर्षात ६३ फेनिग गेले. कर भरल्याची पावती त्याला कोणी दिली नाही, कारण कर असा काही घेतलाच नव्हता.

बट्टा हा शब्द आपल्याला परका नाही. नबाबी अमलात बंगालमध्ये सिक्का रुपया पाडल्या वर्षी पुऱ्या भावाने चाले आणि जुना होत गेला की सराफ त्यावर बट्टा कापीत. आपल्याकडे तर शब्द नाण्यावरून माणसावर गेला आणि नावालाही बट्टा लागू लागला. पण सहा महिन्यांत चौथा हिस्सा, हा बट्टा काही वेगळ्याच जातीचा म्हणायला हवा.

आता त्या सुंदर चित्रांचा अर्थ निराळा दिसू लागतो. नवे नाणे जुन्यापासून एका दृष्टिक्षेपात ओळखू आले पाहिजे, नाहीतर जुने खपून जाईल. म्हणून दर खेपेला ठसा नवा, चित्र नवे. आज बिशप बसलेला, सहा महिन्यांनी उभा, पुढे कमानीखाली, पुढे दोन बुरुजांच्या मध्ये. कारागिराला सतत काम मिळत होते आणि कल्पकतेला वाव होता, तो या कारणाने. नाणे पातळ असले तरी चाले, तेही याच कारणाने. ज्याला सहा महिनेच जगायचे आहे, त्याला टिकाऊ कोण करील? लोक ते वाकू नये म्हणून गोल डबीत जपून ठेवीत, आणि अर्धा फेनिग हवा झाला की सरळ कातरीने दोन तुकडे करीत. कलेच्या इतिहासात ज्या नाण्यांचे एवढे कौतुक होते, त्यांचे सौंदर्य आणि त्यांची लूट ही एकाच ठशातून उमटलेली आहेत.

कायदा यावर काय म्हणत होता? आइके फॉन रेपगोव याने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘झाक्सेनश्पीगल’ हा सॅक्सनीच्या रूढ कायद्याचा ग्रंथ लिहिला. तो लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आणण्याची विनंती त्याला केली काउंट होयर फॉन फाल्कनश्टाइनने, म्हणजे ससाण्याचे नाणे पाडणाऱ्या त्याच घराण्यातल्या पुरुषाने. हा क्वेडलिनबुर्गच्या मठाचा संरक्षकही होता. त्या ग्रंथात नियम असा दिला आहे की, नवा धनी गादीवर आला म्हणजे फेनिग नवे करावेत. दर सहा महिन्यांनी नवा धनी कोणत्या गादीवर येत होता, हे विचारण्याची सोय बाजारकऱ्याला नव्हती.

शिवाय हा भार सर्वांवर सारखा नव्हता. मोठा व्यापारी दूरच्या व्यवहारात फेनिग मोजीत बसतच नसे. तो चांदीच्या लगडी तोलून देई. त्याचे माप मार्क. कोलोनचा मार्क सुमारे २३३ ग्रॅमचा. लगडीला दवंडी लागू नव्हती. फेनिगवाचून ज्याचे चालत नव्हते तो कारागीर, फेरीवाला, खंड भरणारा कुळवाडी यांच्याच गाठीचा चौथा हिस्सा जात होता. ज्याच्यापाशी नाणे आले की त्याच दिवशी जाते त्या अगदी गरिबालाही ही झळ थोडी कमी बसली असेल. खरा मार बसला तो चार पैसे मागे टाकू पाहणाऱ्याला.

येथे एका उलट मताची दखल घेतली पाहिजे. विसाव्या शतकात सिल्व्हिओ गेझेल (१८६२ ते १९३०) या विचारवंताने असे मांडले की, पैसा साठवणे तोट्याचे केले म्हणजे तो फिरता राहील आणि बेकारी हटेल. ऑस्ट्रियातील व्योर्गल या गावाने १९३२ साली दरमहा एक टक्क्याने उतरणाऱ्या नोटा काढून तसा प्रयोगही केला आणि १९३३ मध्ये तो सरकारी आदेशाने बंद पडला. या पंथाच्या अनुयायांना ब्रॅक्टिएटचा काळ म्हणजे सुवर्णयुग वाटतो. नाणी साठवता येईनात, म्हणून लोकांनी ती खर्च केली आणि त्यातून शहरे वाढली, उंच उंच कॅथीड्रल उभी राहिली, असे ते सांगतात. युक्तिवाद आकर्षक आहे, पण मला तो पटत नाही. शार्त्र आणि लाँ येथील कॅथीड्रल फ्रान्समध्ये उभी राहिली, आणि तेथे ब्रॅक्टिएट नव्हते. दुसरे असे की, लोकांनी साठवणे थांबवले असते तर जमिनीत पुरलेले फेनिगांचे हंडे आज सापडलेच नसते. दरमहा एक टक्का आणि सहा महिन्यांत पंचवीस टक्के यांत फरक आहे, हे तर कोष्टकावरूनच दिसते.

लोकांनी यातून वाट काढली ती पैसे देऊनच. शहरे जशी धनवान होत गेली तशी ती आपल्या सरदाराला म्हणू लागली की, एकदाच काय ती रक्कम घ्या आणि हे बदलणे थांबवा. अशा न बदलणाऱ्या नाण्याला ‘सनातन फेनिग’ असे नाव पडले. १३६९ साली बर्लिनसह ब्रांडेनबुर्गच्या काही शहरांनी मार्ग्राफ ऑटोकडून टांकसाळीचा हक्कच विकत घेतला. ऑस्ट्रियात चौथ्या रुडॉल्फने १३५९ मध्ये दरवर्षीची अदलाबदल सोडून दिली आणि तिच्या बदल्यात दारूवर दहावा हिस्सा कर बसवला. म्हणजे लपलेला कर उघड झाला, आणि तो साठवणाऱ्याकडून उठून पिणाऱ्याकडे गेला. यातला कोणता बरा, यावर अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी एखादा परिसंवाद ठेवायला हरकत नाही.

तोवर फेनिगचे दिवसही भरत आले होते. १३०० साली बोहेमियाच्या दुसऱ्या व्हाक्लाव्हने कुत्ना होराच्या चांदीपासून जाड, दुतर्फा ठशाचा ‘प्रागचा ग्रोशन’ काढला आणि पुढल्या काही दशकांत माइसेननेही त्याचा कित्ता गिरवला. पानासारखी रुंद नाणी मागे पडली, फेनिग लहान होत होत चिल्लर झाला.

आज संग्रहालयांत जे ब्रॅक्टिएट दिसतात ते कोणते, हेही ध्यानात घ्यावे. जी नाणी दवंडी ऐकून सराफाकडे गेली ती वितळली. उरली ती न गेलेली. कोणी मडक्यात घालून पुरली आणि तो माणूस परत आला नाही, किंवा जागा सांगण्यापूर्वी मेला. कायदा मोडून लपवलेल्या गाठोड्यांच्या जोरावरच आज विद्वान मंडळी सरदारांचा काळ आणि क्रम ठरवीत आहेत.

नाव मात्र टिकले. जर्मन मार्काचा शंभरावा भाग म्हणून फेनिग २००१ अखेरपर्यंत चालला. त्याचा धाकटा भाऊ हेलर, म्हणजे श्वेबिश हाल या गावी पडलेले हाताच्या छापाचे नाणे, जर्मन भाषेत आजही फेनिगच्या जोडीने येतो. आपण जेथे पै-पैचा हिशेब म्हणतो तेथे जर्मन माणूस हेलर आणि फेनिग यांची नावे घेतो. या हेलरची आपल्या रुपयाशीही एकदा गाठ पडली. पूर्व आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत हिंदी व्यापाऱ्यांमुळे रुपया रुळलेला होता, म्हणून जर्मनांनी तेथे आपला रुपयाच काढला. प्रथम त्याचे चौसष्ट पेसा होत. १९०४ साली पेसा गेला, आणि बाराव्या शतकातल्या त्या गावाचे नाव लावून रुपयाचे शंभर हेलर झाले.